वासाचा बंदोबस्त

घरातला कुत्र्याचा वास घालवायचे जेवढे म्हणून उपाय आहेत तेवढे सगळे मी साताऱ्यातल्या आमच्या घरात करून पाहिले आहेत. त्यातला एकही आता मला कुणी पुन्हा सांगू नये. व्हिनेगर सांगू नये, खायचा सोडा सांगू नये आणि कडुलिंबाचं तर नावच काढू नये. त्या दीड महिन्यात मला जो भेटला त्याने उपाय सांगितला. कचेरीतला शिपाई, रिक्षावाला, मंडईतली भाजीवाली, शेजारच्या निवृत्त सुभेदारांची सून, सगळ्यांना कुत्र्याचा वास घालवता येत होता. फक्त वास तेवढा जात नव्हता.

कुत्रा माझा नव्हे, वडिलांचा. वडील फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले आणि जतकडच्या आमच्या कोरड्या गावात चार शेरडं आणि थोडी ज्वारी करून राहिले. आई गेल्यावर एकटेच. गेल्या वर्षी ते रानात बांधावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात पडून होते. कुत्रा तेवढा वेळ बांधावर उभा राहून भुंकत होता, म्हणून एक मेंढपाळ बघायला आला. सांगलीला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सहा महिने यांना एकटं ठेवायचं नाही, पुन्हा पडले तर उठणार नाहीत. मी एकुलती एक. त्यामुळे ते माझ्याकडे येणार हे उघड होतं.

"यीन," वडील म्हणाले. "पर गड्या संगं यील."

कुत्र्याला नाव नव्हतं. वडील त्याला गड्या म्हणत, जसं ते गावातल्या निम्म्या पुरुषांना म्हणत. लांब पायांचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा, मेंढरांमागे धावणारा कुत्रा. त्याला घराचं छप्पर माहीत नव्हतं आणि फरशी तर अजिबातच नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत वडिलांची खाट टाकली, तर पहिले दोन दिवस तो खाटेखालच्या पोत्यावरून खालीच उतरला नाही. लघवीलासुद्धा वडिलांनी हाक मारून अंगणात न्यायचा, मगच जायचा. हे नीट लक्षात ठेवावं, कारण मी ठेवलं नाही.

आता बापानं लेकीच्या घरी राहणं आमच्याकडे अजून लोकांना खटकतं. जुनी माणसं तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. माझा मुलगा नोकरीला लागला तरी वडील आमच्याकडे दोन रात्रींच्या वर कधी टिकले नव्हते. त्यातून घरात माझ्या सासूबाई. त्या पाटणकडच्या, गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचं टरफलसुद्धा घरात चालायचं नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणते. वडिलांबद्दल त्या एक शब्द वावगा बोलल्या नाहीत, उलट त्यांच्यासाठी मऊ भाकरी वेगळी थापायच्या. जे काही बोलल्या ते कुत्र्याबद्दल.

"पाव्हण्यांचं काय न्हाई गं," चौथ्याच दिवशी त्या स्वयंपाकघरात म्हणाल्या. "ऱ्हाऊ देत की वरीसभर. पर त्ये जनावर लय वास मारतंय. देवाला हात जोडवंना."

आमचं घर ते केवढं. बाहेरच्या खोलीत वडिलांना अक्षर न् अक्षर ऐकू गेलं. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी काठी हातात घेतलेली.

"मी आपला जातो बाई गावाला. कशाला उगं तुमाला तरास."

म्हणजे हिशेब सरळ होता. वास राहिला तर वडील जाणार, आणि गावाला गेले तर एक दिवस पुन्हा पडणार. मी पदर खोचला.

पहिल्या रविवारी कुत्र्याला अंगणात बांधून शाम्पूने आंघोळ घातली. ओला कुत्रा कोरड्याच्या चौपट वास मारतो हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. दोरी सोडवून तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि तिथे अंग झाडलं. आत्याबाईंनी पुरणाचं पातेलं तसंच्या तसं उचलून गल्लीतल्या गाईला घातलं. मग त्याचं पोतं जाळलं आणि नवी गोधडी दिली. मग गोधडी उकळली. फरशीवर सोडा पसरला, तो कुत्र्याच्या नाकात गेला आणि तो दिवसभर शिंकत बसला. कडुलिंबाच्या पाण्याने पुसलं, तेव्हा घराला कुत्र्याचा आणि कडुलिंबाचा असा दुहेरी वास आला. व्हिनेगर मारलं, तर नवरा घरात पाऊल टाकताच म्हणाला, "आज नूडल्स?"

या माणसाच्या नाकाचं हाड वाढलेलं आहे. त्याला ना कुत्र्याचा वास यायचा ना कशाचा. "मला तर काही येत नाही बुवा," असं तो इतक्या भाबड्या चेहऱ्याने सांगायचा की पोछा त्याच्याच हातात द्यावा असं वाटे. दोनदा दिलाही.

एवढं करून वास कमी व्हायचा तर वाढला. आणि बदलला. आधी येत होता तो अंगाचा, केसांचा, ओल्या घोंगडीसारखा. आता जो यायला लागला तो उग्र, डोळ्यांत जाणारा. मी हातापायांवर रांगत शोध घेतला. खाटेचा पाय, दाराची चौकट, चपलांच्या रॅकचा कोपरा. गड्या पाय वर करायला लागला होता! घरात! मी फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जागा. मी आणखी ओतलं. मी कुत्र्यावर ओरडले, आणि मग, खरं सांगते, वडिलांवरही ओरडले.

"दिवसभर इथंच बसलेले असता ना तुम्ही? एवढं तरी लक्ष ठेवायला येत नाही?"

वडील कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिले. मला त्याचाही राग आला. ज्यांनी पलटणीत पोरांना कवायत शिकवली त्यांना एक कुत्रं आवरत नाही, असंही मी पुटपुटले. ते त्यांना ऐकू गेलं असणार.

शेवटी रजा टाकून कुत्र्याला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. रिक्षावाल्याने सीटवर पोतं टाकायला लावलं ते वेगळंच. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कुत्रा नीट तपासला आणि म्हणाले, कुत्रा ठणठणीत आहे, आधी फिनेल बंद करा. मग त्यांनी विचारलं, "घरात दुसरं जनावर आहे का?"

"नाही."

"मांजर? शेजारच्याची गाय दारात येते?"

"अहो, आत कोण येणार? आमच्या सासूबाई मुंगीलासुद्धा आत येऊ देत नाहीत."

"मग नवल आहे. परक्या जनावराच्या लघवीचा वास आला की कुत्रं त्याच्यावर आपली लघवी करतं. ही जागा माझी आहे, असं सांगतं ते. तसं काहीतरी त्याला रोज जाणवत असलं पाहिजे."

मी त्यांची फी दिली आणि मनातल्या मनात त्यांना अडाणी ठरवून घरी आले. तोवर वडिलांनी गावाकडच्या आपल्या भाच्याला फोन करून ठेवला होता. रविवारी तो जीप घेऊन येणार होता. वडिलांची पिशवी भरून खाटेच्या उशाशी ठेवलेली होती, फौजेतल्यासारखी, घडीवर घडी. मी रडकुंडीला आले. म्हटलं, शेवटचे दोन दिवस तरी राहिलेत. पहाटे उठून, कुणाची वर्दळ सुरू व्हायच्या आत, सगळी खोली नुसत्या साबणाच्या पाण्याने घासून काढू.

म्हणून शुक्रवारी मी माझ्या नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी, पाचला उठले. बादली घेऊन बाहेरच्या खोलीच्या दाराशी आले आणि तिथेच थांबले.

आत्याबाई आंघोळ करून, ओले केस पाठीवर सोडून, हातात तांब्या आणि दुर्वांची जुडी घेऊन खोलीत फिरत होत्या. तोंडाने हळू आवाजात नामस्मरण चाललं होतं. खाटेच्या पायावर शिंपडलं. चौकटीवर शिंपडलं. चपलांच्या रॅकच्या कोपऱ्यात जरा जास्तच शिंपडलं. आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर गड्या. त्या पुढे सरकल्या की तो जागा हुंगायचा आणि अतिशय गंभीरपणे पाय वर करायचा. आमच्या कचेरीत मी सही केली की साहेब तिच्यावर शिक्का मारतात, तसं ते चाललं होतं. एकही जागा सुटली नाही.

तांब्यात गोमूत्र होतं. गल्लीच्या टोकाच्या गोठ्यातून रोज संध्याकाळी ताजं आणलेलं.

"आत्याबाई! हे कधीपासून करताय?"

त्या दचकल्या, पण लगेच सावरल्या. "त्ये आल्यापास्नंच की. कुतरं घरात म्हंजे घर शुद्ध नको व्हय करायला? तू काय उलटं बोलशील म्हनून तुला नव्हतं सांगितलं. आन् वास वाढला तसं मी बी वाढवलं."

"अहो, तुम्ही शिंपडता म्हणून तो करतो! मागे वळून बघा जरा!"

त्यांनी मागे बघितलं. गड्या चपलांपाशी काम उरकत होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तांब्याकडे बघितलं. "गाईच्या मुताला कुतरं नावं ठेवतंय व्हय," एवढं म्हणून त्या तरातरा देवघरात निघून गेल्या.

मी हसावं की डोकं आपटून घ्यावं, मला कळेना. दीड महिना! सगळ्या साताऱ्याला उपाय विचारत फिरले मी, आणि कारण माझ्याच घरात तांब्या घेऊन फिरत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मग माझं लक्ष खाटेकडे गेलं. वडील जागे होते. उशीला टेकून, चांगले बसलेले होते.

"तुम्ही हे बघितलंय आधी?"

"व्हय."

"किती दिवस?"

"पयल्या दिसापास्नं."

माझ्या हातातली बादली मी आपटली. अर्धं पाणी खोलीभर झालं. "मग तोंड शिवलं होतं का तुमचं, आण्णा? मी इकडे गुडघे घासतेय, कुत्र्यावर ओरडतेय, तुम्हाला वाट्टेल ते बोलले, आणि तुम्ही नुसते बसून बघताय? एक शब्द नाही सांगता आला?"

वडील अगदी हळू, देवघरापर्यंत जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सांगितलं आस्तं तर तू भांडली आस्तीस त्यांच्यासंगं. मी काय, चार दिसांचा पाव्हणा. जाईन. तुला जलमभर हितं ऱ्हायचं हाय."

मला त्यांचा इतका संताप आला, आणि त्याच क्षणी मला माझी इतकी लाज वाटली, की दोन्हीतलं आधी काय आलं ते सांगता यायचं नाही. मोडक्या पायाने, एकट्या घरात परत जायला निघालेला हा माणूस, का, तर लेकीच्या घरात भांडण नको. आणि मी सगळ्या जगाला विचारलं, पण जो दिवसभर त्या खोलीत बसून होता त्याला साधं विचारलंसुद्धा नाही, काय होतंय म्हणून. त्याला फक्त बोलणी खायला घातली.

"सव्वीस वर्षं मी या घरात राहतेय," मी म्हणाले, आणि मी आवाज मुळीच कमी केला नाही. "पाव्हणी म्हणून नाही. माझ्या घरात माझ्या बापाला तोंड दाबून बसायचं असेल तर मग मीच जीपमध्ये बसते तुमच्यासोबत. चला!"

देवघरातली घंटा वाजायची थांबली होती. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि पलटणीत असताना असेल तशा खणखणीत आवाजात हाक मारली, "विहीणबाई! जरा बोलायचं हाय!"

"बोला की पाव्हणं," आतून आवाज आला. जरा दबकतच.

"माझ्या खाटंखाली त्ये शिंपडू नगा उद्यापास्नं. तुमची शिंपण आन् गड्याची शिंपण, दोन्ही संगट न्हाई जमायचं."

आत्याबाई दारात आल्या. मला वाटलं, आता भडका उडणार. पण त्या कमरेवर हात ठेवून वडिलांवरच कडाडल्या. "आवं, मग दीड म्हैना गप का बसला? म्या काय खाल्लं आस्तं का तुमाला? आन् ह्या मुक्या जनावरावर रोजचा आळ!" एवढं बोलून त्यांनी तांब्या उचलला आणि तरातरा जाऊन बाहेर तुळशीच्या बुडाशी रिकामा केला.

वडिलांनी उशाखालून फोन काढला. त्यांना नंबर शोधायला वेळ लागतो, चष्मा लावूनही. भाच्याला त्यांनी झोपेतून उठवलं असावं.

"रविवारी येऊ नगंस रं," ते म्हणाले. "न्हाई, बरं हाय. माझ्या लेकीच्या घरात ऱ्हातोय मी."