‘माडोणा’ म्हणालो आणि भिंत पडली

“सर, भिंत पाडली. आता पुढं काय करायचं?”

फोनवर गौरम्मा होत्या. देवनहळ्ळीच्या बाजूला त्यांचा महिला गट बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवतो. आमचा ट्रस्ट त्यांना ग्रँट देतो आणि मी त्या ग्रँटचा प्रोग्राम मॅनेजर. म्हणजे पैसे एकाचे, कष्ट दुसऱ्याचे आणि मध्ये बसून रिपोर्ट मागणारा मी.

“कुठली भिंत?”

“स्वयंपाकघराची. तुम्हीच सांगितलंत ना!”

मी असलं काही सांगितलं नव्हतं. मग आदल्या आठवड्यातली साइट व्हिजिट आठवली आणि खुर्चीत नीट बसलो.

साइट व्हिजिट म्हणजे दिलेला पैसा कामाला लागलाय का, हे जागेवर जाऊन बघणं. त्या दिवशी गौरम्मांनी मला स्वयंपाकघर दाखवलं आणि नवं बांधून द्या म्हणाल्या. आमचा नियम सरळ आहे. मुलांचं जेवण, शिक्षिकांचं मानधन, खेळणी यांना ट्रस्ट पैसे देतो. विटा-सिमेंटला देत नाही. तेवढं सांगितलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

पण मी पुण्याचा. पुणेकर स्पष्टवक्ते ही अफवा आहे. आम्ही फक्त पाट्यांवर स्पष्ट असतो. समोर हात जोडून उभ्या असलेल्या बाईला ‘नाही’ कसं म्हणायचं? अशा वेळी आपण ‘बघू’ म्हणतो. मुलगी बघायला गेलेला असो की बँकेचा मॅनेजर, ‘बघू’ म्हणाला की मराठी माणूस चप्पल शोधायला लागतो.

हेच मी कन्नडमध्ये म्हणायला गेलो. आयटी सोडून या क्षेत्रात आल्यावर मी हौसेनं वीकएंडचा कन्नड क्लास लावला होता आणि वर्गातला हुशार विद्यार्थी होतो. कन्नडमध्ये ‘बघू’ म्हणजे ‘नोडोणा’. ‘करू या’ म्हणजे ‘माडोणा’. मी हसतमुखानं म्हणालो, “माडोणा, माडोणा.” एकदा म्हणून भागलं असतं. पण मला आदर दाखवायचा होता.

आमचं ऑफिस बसवनगुडीत आहे. आमच्या डायरेक्टरना सगळे अक्का म्हणतात. त्यांचं घराणं मराठी, पण कैक पिढ्या इथलंच. मी केबिनमध्ये गेलो.

“अक्का, एक छोटा कम्युनिकेशन इश्यू झालाय.”

“केवढा छोटा?”

“एका भिंतीएवढा.”

सगळं ऐकून अक्का डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग एकदम थांबल्या. “आणि मुलं जेवतात कुठं?”

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी तोवर माझ्या अप्रेझलचा विचार करत होतो.

“एका अक्षराचा घोळ हो, अक्का. कन्नड नवीन आहे मला.”

“कन्नडला का नावं ठेवता? ‘आगल्ला’ शिकवलं नव्हतं क्लासात?”

‘आगल्ला’ म्हणजे जमणार नाही. “शिकवलं होतं,” मी म्हणालो. “पहिल्याच दिवशी.”

“मग! घोळ तुमच्या मराठीत आहे. कन्नड बिचारी मध्ये सापडली. सरी, बरं, चला आता. हे तोंडानं जाऊन सांगा. माझ्या नाही, तुमच्या.”

आम्ही दोघं पाळणाघरात पोचलो तर मुलं खेळायच्या ओसरीवरच चूल मांडलेली. शेजारच्या नव्या लेआउटच्या बांधकामाची धूळ सांबारात उतरत होती. एक बाई ढवळत होती आणि दोघी मुलांना चुलीपासून लांब ओढत होत्या. शिकवायला कुणीच मोकळं नव्हतं.

“असं फार दिवस नाही चालायचं,” गौरम्मा म्हणाल्या. “एखादं पोर भाजेल. जेवण बंद केलं तर आया मुलं पाठवणार नाहीत. साइटवर नेतील, खडीच्या ढिगावर बसवतील. सर, काम कधी सुरू होणार?”

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या.

“गौरम्मा,” मी म्हणालो, “नवं स्वयंपाकघर... आगल्ला.”

“मग ‘माडोणा’ का म्हणालात?”

“मला ‘नोडोणा’ म्हणायचं होतं.”

ढवळणारी बाई फिस्सकन हसली. गौरम्मा हसल्या नाहीत. “त्या दिवशी तुमची मान नाही म्हणत होती आणि तोंड हो. आमच्यात त्यावरून भांडण झालं. मी म्हटलं, मोठी माणसं आहेत, तोंडावर विश्वास ठेवा. आता या सगळ्या मलाच बोलतात.”

मी ‘सॉरी’ म्हणालो. कन्नडमध्येही नाही, मराठीतही नाही, इंग्रजीत.

उपाय अक्कांनी काढला. प्रत्येक ग्रँटमध्ये कंटिन्जन्सी असते, म्हणजे अचानक उद्भवणाऱ्या गोष्टींसाठी ठेवलेली थोडी रक्कम. पूर येतो, छप्पर उडतं, तेव्हा ती वापरतात. “इथं तुम्ही आलात,” अक्का म्हणाल्या. तेवढ्या पैशात नवं स्वयंपाकघर होणार नव्हतं, पण पाडलेली भिंत परत उभी राहिली असती. कारणांची नोट मीच लिहिली. मी ‘परस्पर गैरसमज’ लिहिलं होतं. अक्कांनी ‘परस्पर’ खोडलं.

मीटिंगमध्ये एका ट्रस्टींनी विचारलं, “हा खर्च कुठल्या हेडखाली?”

“भाषांतर,” अक्का म्हणाल्या.

अशा रीतीनं बांधकामाला कधीच पैसे न देणाऱ्या आमच्या ट्रस्टनं पहिलं बांधकाम केलं. तेही आधीपासून असलेल्या भिंतीचं.

भिंत अर्धी वर आली तेव्हा मी बघायला गेलो. गवंड्यानं मधोमध चौकोनी जागा सोडली होती. मी गौरम्मांकडं पाहिलं.

“किटकी,” त्या म्हणाल्या. हा शब्द मला क्लास न लावताही कळला असता. “धूर जायला. त्या धुरापायीच तर नवं स्वयंपाकघर मागत होतो. पोरं खोकतात.”

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही का हवंय ते विचारलंत कुठं? लगेच माडोणा, माडोणा.”

नव्या सहकाऱ्यांना मी आता दोनच गोष्टी सांगतो. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. आणि त्याआधी ‘का हवंय?’ एवढं विचारा. बऱ्याचदा माणसाला खिडकीच हवी असते.

खिडकी बांधकामात मोडते की नाही, याबद्दल आमचे नियम गप्प आहेत. मीही गप्प राहिलो. बोलून काय होतं, ते तोवर पाहिलं होतं.