वीस टक्के सूट

लोकरीचा वास आला की माझ्या हातातला खडू अजूनही थांबतो. का थांबतो, हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुसेगावच्या अलीकडे, एका खेड्यात मी शिक्षिका होते. माझा जीव कवितेत. पण गणिताला कुणी नव्हते, म्हणून सातवीचे गणितही माझ्याकडे आले. आणि मी — ते येते असे भासवले.

शेवटच्या रांगेत काशी बसे. मेंढपाळाची लेक, तिच्या वहीलासुद्धा लोकरीचा वास. दिवाळीनंतर तिचे घर मेंढरे घेऊन चाऱ्यामागे निघायचे. तिला शाळेसाठी मावशीकडे ठेवायचे का, हे वडिलांनी माझ्यावर सोडले होते. “हिशेबात चालत असंल तर ठिवतो, बाई. न्हाई तर मेंढरामागं मानूस कमीच हाय.”

त्याच आठवड्यात ते उदाहरण आले. शंभराला घेतलेल्या साडीची किंमत दुकानदाराने वीस टक्के वाढवली; मग सेल लावून वीस टक्के सूट दिली. नफा की तोटा? मी फळ्यावर लिहिले : ना नफा, ना तोटा. किती सरळ वाटले होते!

काशी उभी राहिली. “न्हाई बाई, तोटा हाय.” घरी मेंढरे मोजतात तशी ती विसांत मोजत होती. पाच विसांचे शंभर. वाढून झाले सहा विसा. सूट म्हणजे दर विसातून चार गेले. “सहा चोक चोवीस गेले, बाई. ऱ्हायले —”

“हे गणित आहे काशी, तुझी मेंढरं नाहीत.”

वर्ग हसला. मागून कुणी ‘ब्यॅ’ केले. मी त्यालाही अडवले नाही.

मधल्या सुट्टीत एकटीने पडताळले. ती बरोबर होती. मुले परतायच्या आत मी फळा पुसला.

एवढ्यावर थांबले असते तर? शनिवारी काशीचे वडील आले, दारातच वहाणा काढून उभे राहिले. मला भीती वाटत होती — तेरा वर्षांच्या मुलीची. ती वर्गात राहिली, तर मला येत नाही हे रोज कुणाला तरी ठाऊक असणार होते. मी म्हणाले, “हिशेबात कच्ची आहे.”

“तुमी म्हनता तर बराबर,” म्हणून ते गेले.

निघायच्या सकाळी कळप शाळेसमोरून गेला. धूळ, गळ्यातल्या घंटांचा किणकिणाट, तोच वास. काशीच्या खांद्यावर कोकरू होते. ती फाटकाशी थांबली. माझ्याकडे पाहत, हळू, पण स्पष्ट म्हणाली —

“शहाण्णव.”