पाण्यातल्या लाल बांगडीचा रंग

कुमुद गेल्याची बातमी मला पाटणकर बाजारात मिळाली. साडीला जुळणारा फॉल शोधत होते, तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला : ‘हमारी पूर्व भौतिकी शिक्षिका, अत्यंत अनुशासित एवं सहयोगी, नहीं रहीं.’ ‘सहयोगी’ हा शब्द वाचून डोक्यात जी तिडीक उठली, ती महिना झाला तरी उतरलेली नाही. रडू नंतर आलं.

किला गेटजवळच्या मुलींच्या शाळेत ती अकरावी-बारावीला भौतिकी शिकवायची, मी अजूनही हिंदी शिकवते. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तिचे पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले, माझे पूजाअर्चा करायला. “तुमच्यांनी मंत्र म्हटले, आमच्यांनी मार खाल्ला,” असं ती हसत म्हणायची. आमची मराठी हिंदीत भिजलेली. माझी पुण्याची भावजय त्यावर हसली, तर कुमुद मला म्हणाली, “तिला समजलं ना? मग झालं तर.” आई गेल्यावर हजीरा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, आणि शाळेत मात्र तिच्याभोवती सतत मुलींचा घोळका असायचा.

व्हरांड्यात ती दोन मुलींच्या हातात लांब दोर द्यायची. सावकाश हलवला की मोजक्या, लांब लाटा... हा लाल. भराभर हलवला की दाट, आखूड लाटा... हा जांभळा. तरंगलांबी जास्त तेव्हा वारंवारिता कमी, आणि मधले सगळे रंग त्याच हिशोबाने. माझा वर्ग शेजारीच, त्यामुळे मलाही ते पाठ झालं. मग बादलीभर पाण्यात ती लाल बांगडी सोडायची. पाण्यात प्रकाश हळू चालतो, लाट आखूड होते, पण सेकंदाला किती लाटा येतात ती गिनती बदलत नाही, आणि रंग ठरतो त्या गिनतीवर. एकदा एका मुलीने विचारलं, “मैडम, पर आँख तो पानी के बाहर है. बाहर आकर लंबाई फिर पहले जैसी हो गई.” कुमुदचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “और आँख के अंदर क्या भरा है? पानी जैसा ही तो है. लंबाई वहाँ फिर घटी. फिर भी लाल दिखी ना?”

नेमका हाच प्रश्न सहामाहीला आला. संस्थेच्या सगळ्या शाळांना एकच पेपर, सोबत छापील उत्तरं : पाण्यात तरंगलांबी घटते, म्हणून लाल प्रकाशाचा रंग निळ्याकडे सरकतो. कुमुदच्या मुलींनी लिहिलं होतं, रंग बदलत नाही. तिने त्यांना पूर्ण मार्क दिले आणि छापील उत्तर चूक असल्याचं पत्र प्राचार्यांना दिलं. ती उत्तरं काढणारे सल्लागार मीटिंगला आले. “मैडम, कॉपियाँ इसी के हिसाब से जाँचिए, बहस मत कीजिए.” कुमुद शांतपणे म्हणाली, “सर, लाल लाल ही रहेगा. मैं बच्चियों के नंबर नहीं काटूँगी.” सल्लागारांचा अपमान झाला म्हणून लेखी माफी मागायला सांगितलं. तिने नाही म्हटलं. भौतिकीच्या दुसऱ्या मॅडम खाली बघत होत्या. मीही खाली बघत होते. खरं उत्तर मला, हिंदीच्या बाईला, माहीत होतं, आणि मी टेबलावरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघत बसले.

तिचे मोठे वर्ग काढून घेतले. शेवटची दोन वर्षं ती सहावीच्या मुलींना चित्रकला आणि हस्तकला शिकवत होती. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा आला, या वेळी बरोबर उत्तरासकट. तिला कुणी एक शब्द सांगितला नाही. मीच सांगितलं, तर म्हणाली, “चला, मुलींचे मार्क तरी वाचले.” मला तिचा तेव्हाही राग आला होता. ती भांडायला हवी होती... पण हे म्हणणारी मी कोण? मागच्या वर्षी ती निवृत्त झाली, आणि आता हे. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. मी काय लिहू?

शोकसभेत तेच सल्लागार बोलायला उभे राहिले. मैडमची विषयनिष्ठा, मैडमची शिस्त. मी उठले आणि म्हणाले, “सर, उनसे भौतिकी छीनी किसने थी, यह भी बता दीजिए.” प्राचार्य कुजबुजले, “यह समय नहीं है.” मग वेळ कधी होती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी बाहेर पडले आणि सरळ वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेले.

तिथे साफसफाई करणाऱ्या कमलाबाई स्टुलावर चढून भिंतीवरचा रंगपटाचा जुना तक्ता उतरवत होत्या. त्यात छापणाऱ्याने वारंवारितेचा बाण उलटा दाखवला होता, जांभळ्याकडून लालकडे वाढत जाणारा. कुमुदने तो निळ्या बॉलपेनने खोडला होता आणि खाली लालकडून जांभळ्याकडे जाणारा नवा काढला होता. शेजारी तिच्या बारीक अक्षरात ‘बढ़ती है’. शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होती.

“प्रिंसिपल सर ने कहा है उतार दो,” कमलाबाई म्हणाल्या. “इस पर किसी ने पेन चलाया है.”

“यहीं रहने दीजिए,” मी म्हटलं.

त्यांनी स्टुलावरूनच विचारलं, “पूछेंगे तो क्या बोलूँ? किसने मना किया?”

“मेरा नाम बता देना,” मी म्हटलं, आणि तक्त्याचा सुटलेला कोपरा परत खिळ्याला लावायला त्यांना हात दिला.