लेझमीवर मोजलेला वसंत

लग्नानंतर डिंगोऱ्यात राहून मी बाहेरून बी.ए. करत होते. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मराठीचा पेपर एकदा राहिला होता, आणि सासऱ्यांनी सरळ सांगितलं होतं, "या खेपेला निघाला तर शिका, न्हाई तर बास."

मी कामाला लागले. प्रत्येक कवितेसाठी तीन रकाने आखले: यमक, पुनरावृत्ती, छंद. वसंतावरच्या कवितेत यमकाचा रकाना लगेच भरला. मग अडले. 'पुन्हा फुलला पळस' ही ओळ प्रत्येक कडव्याच्या शेवटी येत होती, आणि प्रश्न होता, या पुनरावृत्तीने काय साधले? घरात एखादी गोष्ट तीनदा सांगावी लागली तर काहीच साधलेलं नसतं, एवढाच माझा अनुभव.

छंदात आणखी गोंधळ. बाकी ओळींत आठ अक्षरं, पण पळसाच्या आधीच्या ओळीत सहाच. माझंच मोजणं चुकतंय असं वाटून मी ओसरीवर बसून पुन्हा बोटांवर मोजत होते. धाकटे दीर तेव्हा गावच्या यात्रेसाठी लेझीम बसवत होते. जाता जाता म्हणाले, "वहिनी, कोंबड्या मोजताय का काय?"

"कविता मोजतेय, भाऊजी."

"मंग बोटं कशाला? हलगीवर धरा की. पायाला कळलं म्हंजे झालं."

संध्याकाळी देवळापुढे त्यांनी हलगी धरली, मी कविता म्हटली, पोरं लेझीम खेळली. अख्खी कविता बसली. कुठे अडखळली नाही. मी निश्चिंत होऊन रकान्यात लिहिलं, 'सर्व ओळी समान.'

रविवारी जुन्नरच्या अभ्यासकेंद्रात सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "ही ओळ सहा अक्षरांची आहे."

"पण सर, लेझमीवर बसते."

"लेझमीवर वर्तमानपत्रसुद्धा बसेल, बाई."

घरी येऊन दिरांना विचारलं, राहिलेली दोन अक्षरं गेली कुठे? त्यांनाही उभं राहून पावलं टाकून बघावं लागलं. "हां, तिथं आमी वाकतो. वाजवायचं न्हाई, नुसतं वाकायचं. पळस आला की उठायचं."

आता गोंधळ वाढला. ओळीत कमी होतं आणि तालात कमी नव्हतं. वाकलेली माणसं त्या ओळीला उठत होती, म्हणजे ती पुन्हा पुन्हा येऊन हेच साधत होती का? आणि हे पेपरात लिहायचं कसं?

परीक्षेत नेमकी तीच कविता आली. सर म्हणाले तशी अक्षरं मोजून मांडली. त्याखाली लिहिलं की कमी अक्षरांच्या जागी क्षणभर शांतता होते आणि परत येणारी ओळ तिथून उठवते. कोणाला उठवते ते लिहिलं नाही. एसटीत बसल्यावर वाटलं, खालचं सगळं खोडायला हवं होतं. पुढच्या थांब्यावर वाटलं, वरचं.

निकाल लागला तेव्हा सासरे अंगणात होते.

"निघाला का?"

"निघाला."

"कशानं निघाला?"

गुणपत्रिकेवर सगळ्या पेपराचे मिळून गुण होते. कोणत्या उत्तराला किती दिले, ते त्यात नव्हतं.

"ते काही कळत नाही, मामा."

"बरं. भरा मग पुढल्या वर्साचा फारम."