तिरका भांग

आमच्या गल्लीतला दिनकर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दूधकट्ट्यावर कुणाची तरी नक्कल करत होतो. पेला हातात तसाच राहिला… माझ्या एका नकलेपायी या माणसानं काय भोगलं, ते आज महिन्याभरानं सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याची बायको, शालनवहिनी, सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांच्या ड्यूटीच्या पाळ्या आणि छोटी लेक स्वाती, दोन्ही जमेनात, तेव्हा दिनकरनं फौंड्रीतली नोकरी सोडली आणि घर घेतलं हातात. बायकोचं पातळ दोरीवर झटकणारा गडी गल्लीला पचला नाही. मला मात्र नकलेला सोन्यासारखा माणूस मिळाला! कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध उभ्यानं पितात. तिथं एका संध्याकाळी मी टॉवेलचा पदर घेऊन मुरडलो, "हे आमच्या नर्सबाईंचे मालक, दिनकरराव! अहो, आलात ड्यूटीवरनं? पाय चेपू?" कट्टा लोळला. एक मिशीवाला तेवढा हसला नाही.

"का पावणं, कुठलं गाव?" मी विचारलं.

"मलकापूर. भणीकडं आलोय. शालन. दाजी फौंड्रीत हाय म्हणून सांगत हुती."

त्यानं पेला फोडला आणि निघाला. मी मागं धावलो. खोटं कशाला बोलू, थोडा तमाशा बघायलाही.

दिनकर तोंडात रिबीन धरून स्वातीची वेणी घालत होता. मेहुण्यानं, तानाजीनं, त्याला गचांडी धरून गल्लीत फरफटत आणलं. "भणीच्या जिवावर खातोस? उद्यापास्नं ती घरात, तू कामावर. बोल व्हय!"

"न्हाय."

ठोसा बसला. दात फरशीवर उडाला. "बोल!"

"न्हाय." डोकं भिंतीवर आपटलं. तिसऱ्या 'न्हाय'ला तानाजीनं त्याच्या उजव्या हातावर टाच ठेवून पिळली. बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला. सगळी गल्ली दारात उभी होती. मीही.

तेवढ्यात वहिनी आल्या, पांढऱ्या साडीत. जेवणाचा स्टीलचा डबा त्यांनी भावाच्या नाकावर असा हाणला, की साडी लाल झाली. "नवरा माझा हाय! पोसीन न्हायतर उपाशी ठेवीन. तू कोण रं?"

तानाजी नाक धरून गेला. वहिनी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्या. दिनकरचं बोट वाकडंच जुळलं, आणि तेव्हापासून स्वातीचा भांग डावीकडून निघून उजव्या कानाकडं घसरायचा. गल्ली त्यालाही हसली. मी ती नक्कल पुन्हा केली नाही आणि माफीही मागितली नाही.

परवा दिनकरच्या घरी गेलो. धीर करून म्हटलं, "वहिनी, तानाजीला कट्ट्यावर कळलं ते माझ्यामुळं…"

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मी पट्टी बांधतानाच ह्यांनी सांगितलं, त्याला कायबी बोलू नगंस, नकला बंद करंल."

मला रडू आलं की हसू, कळेना. आतल्या आरशासमोर स्वाती कामावर निघायच्या गडबडीत होती. बापाचा दात तुटलेला कंगवा हातात.

"अगं, सरळ काढ की भांग," वहिनी ओरडल्या.

"सरळ काढला की दुसरीच कुणीतरी दिसती, आई."

आणि कंगवा डावीकडून निघाला.