ट्रंकेवरची पाटी

परभणीतल्या काही माजी सैनिकांनी एका जुन्या गोदामात लहानसं युद्धसंग्रहालय मांडलंय. वस्तू त्यांच्या, अक्षर माझं. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. लढाईचा आणि माझा संबंध आठवीच्या वर्गापुरताच. पण हाताला वळण आहे, म्हणून तिथली प्रत्येक पाटी मी रंगवतो. कोणी घाई केली की सुनावतो, ‘मी पाट्या लिहितो, टाकत नाही.’ हा विनोद मला फार आवडतो. बाकीच्यांना तो पाठ झालाय.

मागच्या वर्षी नव्या दालनाचं उद्घाटन ठरलं. जिल्ह्यातल्या जवानांच्या घरून आलेल्या वस्तू तिथं मांडायच्या होत्या. आठवडाभर आधी ताडकळसकडच्या एक मावशी ऑटोतून पत्र्याची काळी ट्रंक घेऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, ‘जय भीम, गुर्जी.’ मी ब्रश धुता धुता ‘नमस्कार, नमस्कार’ केलं आणि फॉर्म पुढं ओढला.

‘जवानाचं नाव?’

‘आमच्या मालकाची ट्रंक हाय.’

‘ते कळलं. मालकांचं नाव काय?’

त्यांनी पदर सावरला आणि झाकणाकडं बोट केलं. ‘तितं लिवलंय की.’

झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर आणि नाव होतं. जवानानं स्वतःच काढलेलं असावं, ओळ वर वर चढत गेली होती. मी ते उतरवून घेतलं. संसार होऊन गेला तरी नवऱ्याचं नाव तोंडातून निघत नाही, याची मला तेव्हा गंमत वाटली. थोडी चीडही आली, कारण मागं आणखी दोघं ताटकळत होते.

‘आहेत का ते?’

‘न्हाईत. चार वर्सं झाली.’

ट्रंकेला कुलूप होतं. आत गणवेश आणि मालकांनी सीमेवरून लिहिलेली पत्रं आहेत, असं मावशींनी सांगितलं. किल्ली मागितली तर मावशी म्हणाल्या, ‘त्यांचं नाव लागलेलं बघते, मंग देते.’

उद्घाटनाला पाहुणे अकराला येणार होते. मावशी दहालाच हजर, पांढरी साडी नेसून. नवऱ्याची पत्रं पोस्टमनकडून वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून लग्नानंतर त्या जिद्दीनं अक्षरं शिकल्या होत्या. पाटीसमोर उभ्या राहून एकेका अक्षरावर बोट फिरवत होत्या. माझं अक्षर न्याहाळतायत असं समजून मी कौतुक ऐकायला जवळ गेलो.

‘गुर्जी, हे पयलं काय हाय?’

‘कै. म्हणजे कैलासवासी.’

‘कैलास?’ त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ‘त्यांची पोष्टिंग लडाखला व्हती. कैलासाला कव्हाच न्हवते गेले.’

शेजारी उभे असलेले आमचे सुभेदार खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. माझा पारा चढला. ‘अहो मावशी, गेलेल्या माणसापुढं लिहितात तसं. सगळ्यांनाच लिहिलंय.’

‘तुमच्यात लिवत असतील. आमी बौद्ध हाव. आमच्यात कालकथित लिवतात. फोटोखाली, पत्रिकेत, समद्या ठिकाणी.’

‘पाहुणे निघालेत. उद्या बदलून देतो.’

त्यांनी काढलेली किल्ली पुन्हा कनवटीला लावली. ‘मंग ट्रंक बी उद्याच ठिवा.’ आवाज चढला नव्हता. ‘बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलते ते. जन्मभर तेवढं एक सांभाळलं. आता मेल्यावर तरी दुसऱ्याच्या गावाला नका धाडू त्यांना.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पहिल्या दिवशी दारातच स्पष्ट ‘जय भीम’ म्हणाल्या होत्या, आणि मी ब्रश धूत होतो. भिंतीवर नजर टाकली. पलीकडच्या पाटीवरचे मुसलमान हवालदारही माझ्या हातानं कैलासाला पोचले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी पाट्या टाकल्या होत्या.

पाटी काढली. खरवडायला वेळ नव्हता, म्हणून उलटी करून कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कोणीतरी ओरडलं, ‘सर, पाहुणे यायलेत!’ सुभेदारांनी पाहुण्यांना दारातच चहा पाजायला घेतला. घाईत ‘क’ जरा जाडच आला. रंग ओला होता, म्हणून पाटी हातात धरूनच मावशींपुढं उभा राहिलो.

‘का-ल-क-थि-त,’ त्यांनी वाचलं आणि थांबल्या. पुढं नाव होतं.

माझ्या ओठांवर ते आलंच होतं. शिक्षकाची खोड, मूल अडलं की पुढचा शब्द सांगायचा. तो गिळला.

मावशींनी ट्रंकेकडं पाहिलं, त्या चढत गेलेल्या पांढऱ्या ओळीकडं. मग पाटीवर नजर आणून वाचू लागल्या. आधी नाव, मग वडलांचं, मग आडनाव. शाळेत हजेरी घ्यावी तसं, मोठ्यानं. वाचून झाल्यावर स्वतःच दचकल्या आणि पदर तोंडावर धरला. माझे डोळे भरून आले. लपवायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

‘बराबर हाय,’ त्या म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या रंगानं माखलेल्या बोटांत दिली.