सूर्यास्ताचं पान

“डोळ्यांना दिसतं तेच आत असतं असं नाही, बाबूजी,” चेतना एकदा सासऱ्यांना म्हणाली होती.

तेव्हा काचबिंदूने पुनमचंदांची नजर जाऊन वर्ष उलटलं होतं. मंचरच्या बाजारपेठेतलं कापडाचं दुकान मुलाने, पीयूषने, सांभाळलं होतं. त्याची चिंता नव्हती. चिंता होती चौविहाराची. सूर्य मावळला की अन्नपाणी बंद, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नियम. आता सूर्य कुठे आहे हे दुसऱ्याला विचारावं लागे. आषाढातल्या एका संध्याकाळी नवरा उपाशी राहील म्हणून गुलाबबाईंनी “उजेड आहे अजून” असं खोटंच सांगून त्यांना जेवायला वाढलं. घास तोंडाशी नेताना जैन स्थानकातून सूर्यास्तानंतरच्या प्रतिक्रमणाचा आवाज आला. हात तिथेच थांबला.

त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळचं जेवणच सोडलं. सदरा अंगावर लोंबायला लागला. पिंपरी पेंढारचा संपत, जुनं गिऱ्हाईक, दुकानात म्हणाला, “शेठ, दिस बुडाला का न्हाई ते आमाला इचारा की! आमी कशाला खोटं बोलू?” पुनमचंद हसले. विचारलं मात्र कुणालाच नाही.

चेतना ओझरची. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवता शिकवता, एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून वेबसाइट बांधायला शिकली. स्थानकाच्या जैन संघाची वेबसाइट तिनेच केलेली. ती साइट ज्या संगणक-प्रणालीवर उभी होती ती देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, बदलावी.

“फुकट?” पुनमचंदांमधला व्यापारी जागा झाला. “मग त्यांची गादी चालते कशी?”

“पाणपोई कशी चालते, बाबूजी?”

पुनमचंदांच्या मनात तेच घोळत राहिलं. ना ओळख, ना देख. कोण ही माणसं?

पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही तिने तसाच फुकट मिळवला. सासऱ्यांना खुर्चीत बसवलं, संघाच्या साइटवरचं सूर्यास्ताच्या वेळांचं पान उघडलं. स्पीकरमधून निरर्थक अक्षरांचा मारा सुरू झाला.

“हे पावणं कुठल्या मुलखातलं गं?”

चेतनाचा आवाज पडला. वेळांचं पत्रक तिने छापखान्याच्या फाइलमधून जसंच्या तसं उचललं होतं. त्या फॉन्टमुळे पडद्यावर स्वच्छ ‘सूर्यास्त’ दिसे, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा काला. तालुकाभर मराठी अशीच टाइप होत होती. दिसलं की झालं. तेव्हाच ती ते डोळ्यांना दिसण्याचं वाक्य बोलली.

मग तिने सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी म्हणूनच कळेल अशा अक्षरांत, नव्याने टाइप केलं. कुठला आकडा कशाचा हे यंत्राला कळेल अशी रकान्यांची बांधणी केली, आजची ओळ रोज आपोआप वर येईल असं केलं. माउस नको, बाणाच्या कळा पुरे.

श्रावणात, बाहेर झड लागलेली असताना, पुनमचंदांनी स्वतः कळ दाबली.

“आज. सूर्यास्त. छह पचपन.” आवाज नाकातला, हिंदी वळणाचा. दुसऱ्या कळेवर यंत्राने आत्ताची वेळ सांगितली. छह दस.

त्यांनी बोट कळेवरच ठेवलं. ढगांमुळे आज डोळसांनाही सूर्य दिसत नसणार. पण तो आहे. अजून आहे. आणि हे त्यांना कुणी दया म्हणून सांगितलेलं नव्हतं. कधी न भेटलेल्या माणसांनी तो सूर्य त्यांच्या बोटापाशी आणून ठेवला होता.

“अगं, ताट वाढ,” त्यांनी आत गुलाबबाईंना हाक दिली. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

मग सवयीने ते वळले. “चेतना, खरंच छह पचपन ना?”

शेजारी बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या. विचारायचं ती कळ त्यांच्याच बोटाखाली होती. तिची पावलं दाराकडे गेली, उंबरा ओलांडून बाहेर पडली.